सोन्याच्या खदानीवरचे तीन फोटो

९ नोव्हेंबर २०२४, अकोला

दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पेपरात आलेल्या बाई तुमीच काय? सोन्याच्या खदानीचे फोटो जमा करता त्या?"

मी हो म्हणाले.

"मंग आमच्या घरी या. आमच्याजवळ तीन हायेत. माहा पणजा होता खदानीवर."

माणसाचं नाव चंद्रभान. मोर्शीच्या पुढे गाव, संत्र्याचा बगीचा. फोन ठेवल्यावर मी गॅसवरचं दूध विसरले आणि ते उतू गेलं. आमचे हे, देवानंद, दुकानातून जेवायला आले तर ओटा अजून तसाच. लग्नसराईच्या फुलांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत, त्यांना घाई होती. पुसता पुसता एवढंच म्हणाले, "सोनं सापडलं वाटते."

पेपरवाल्यांनी दिवाळीआधी माझ्यावर चार ओळी छापल्या होत्या, 'अकोल्यातील गृहिणीचा आगळावेगळा छंद'. इतकी वर्षं बँकेत काढली, पण शेवटी गृहिणीच. छंद लागला तो आरतीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेले तेव्हा. तिथल्या जुन्या बाजारात कोलारच्या खाणींचा एक फोटो मिळाला. उघडा माळ, पत्र्याच्या झोपड्या, दारात ताठ उभी माणसं. तेव्हापासून कोलारचे, ऑस्ट्रेलियाचे, कॅलिफोर्नियाचे जे मिळतील ते घेत गेले. काही मूळ प्रती, बऱ्याच नकला. आरती विचारते, आई, तुला त्यात दिसतं तरी काय? मी तिला सांगते, जिथे काही नव्हतं तिथे ही माणसं नुसत्या आशेवर जाऊन राहिली. कोणी ढकललं नव्हतं त्यांना.

पण त्यात आपल्याकडचं कोणी आजवर भेटलं नव्हतं. वऱ्हाडातून कोण जाणार इतक्या लांब?

१२ नोव्हेंबर

आज जाऊन आले. अमरावतीहून खुशालरावांनी गाडी आणली होती. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, आता नाणी जमवतात. जानेवारीत अमरावतीला माझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं हे त्यांच्याच डोक्यातून निघालं. रस्ताभर प्रचाराच्या गाड्या, भोंगे. मोर्शी ओलांडल्यावर मात्र दोन्ही अंगांना संत्री आणि रस्त्याच्या कडेला भरलेले क्रेट.

चंद्रभान सत्तरीचे असतील. उंच, रुंद खांद्यांचे. गावात त्यांच्या घराला 'सोनेवाले' म्हणतात. घर विचारलं तर पानठेल्यावरच्या माणसाने नुसता हात केला, "सोनेवाल्यायचं? थे काय." बसायच्या आधीच चंद्रभानकाकाजींनी सगळं सांगून टाकलं. पणजोबा तरुणपणी घरातून निघून गेले, दूर सोन्याच्या खदानीवर राहिले, परत आले ते सोनं घेऊन. त्यातून ही जमीन झाली. मग बगीचा, मग ट्रॅक्टर, मग अमरावतीचा फ्लॅट. सांगताना त्यांचा एक हात सारखा खिडकीबाहेर बगीच्याकडे जात होता.

फोटो पेटीत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले होते. मूळ प्रती! जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, कडा तपकिरी पडलेल्या. मागे एक अक्षरही लिहिलेलं नाही.

पहिल्यात काकाजींचे पणजोबा. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, हातात छडी. मागे टोपल्या घेतलेली माणसं, झोपड्यांची रांग. दुसऱ्यात मोठमोठ्या कढया आणि त्यांच्यापुढे भांडी घेऊन रांगेत उभी मुलं. खुशालराव म्हणाले, शाळा दिसते, मधल्या सुट्टीतली. म्हणजे खाणवाल्यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली होती! तिसरा लांबून घेतलेला. उघडं मैदान, खोदकाम, सारख्या उंचीचे दगडांचे ढीग, पाठीमागे डोंगर. माणसं सगळी सडपातळ. त्या काळचे लोक काटकच.

काकूंचं नाव पार्बताबाई. आम्हाला जेवायला बसवलं. मी बोलता बोलता फोटो ताटाशेजारी ठेवला तर पटकन म्हणाल्या, "तिथं नको ठेवू बाई. सासूबाई जेवाच्या जागी ठेवू देत नव्हत्या."

मला वाटलं, सोवळंओवळं असेल. मी फोटो उचलला.

१४ नोव्हेंबर

प्रदर्शनाचं नाव ठरलं, 'सोन्याच्या वस्त्या'. मधल्या भिंतीवर काकाजींकडचे तीन फोटो. काकाजींनी ते स्वतःहून दिले आणि उद्घाटनाला सारं घर घेऊन येतो म्हणाले. माझा आनंद मला आवरत नाही. आरतीला फोन केला तर तिचं बाळ रडत होतं, बोलणं झालंच नाही.

२१ नोव्हेंबर

फोटो स्कॅन करून मोठे करून आणले. लांबच्या दृश्याची सर्वांत मोठी प्रत माझ्या टेबलासमोर लावली आहे. पाहावं तितकं नवं दिसतं, आणि जितकं दिसतं तितकं कोडं वाढतं.

कोलारच्या प्रत्येक फोटोत कुठेतरी धुराडं असतं, नाहीतर खाणीच्या तोंडावरचा लाकडी सांगाडा. इथे काही नाही. खोल विहिरीसारखं तोंडही नाही. नुसतं लांबच लांब उकरलेलं. खुशालरावांना विचारलं. ते म्हणाले, यंत्रं यायच्या आधीचा असेल, म्हणजे किंमत आणखी वाढली.

पुन्हा पाहिलं तर टोपल्या उचलणाऱ्यांत बायाच जास्त. एकीच्या पाठीवर मूल बांधलेलं. साऱ्यांच्या गळ्यात काहीतरी पत्र्याचं, बिल्ल्यासारखं. हजेरीचे बिल्ले असतील. बँकेत आम्हीही घालायचो.

छडीवाल्या पणजोबांच्या मागे एक माणूस जमिनीवर बसला आहे. कॅमेरा समोर असताना त्या काळी कोणी बसत नसे. सगळे ताठ उभे राहायचे. हा का बसला?

३० नोव्हेंबर

खुशालरावांनी निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या. पत्रिकेवर काकाजींचा पणजोबा, छडीसकट. मुंबईहून एक संग्राहक येणार आहेत. कोलारचे फोटो त्यांच्याकडे ढीगभर आहेत म्हणे, त्यांना हे तीन पाहायचे आहेत आणि जमलं तर घ्यायचे आहेत. मी खुशालरावांना म्हटलं, फोटो माझे नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही बोललात तर चंद्रभानजी नाही म्हणणार नाहीत." मला हे आवडलं का नाही, ठरवता येत नाही.

काकाजींना पत्रिका पोचली. फोनवर त्यांनी तीनदा विचारलं, "माहा पणजाच हाये नं वरतं?"

८ डिसेंबर

चांदूर रेल्वेला लग्न होतं. मंडपाची फुलं देवानंदच्या दुकानातली, म्हणून पहाटेच निघालो. परत येताना मोठा रस्ता बंद होता. कुठल्याशा गावातून वळसा घालावा लागला. गावाबाहेर एक तलाव लागला. दगडांनी बांधलेला लांब बांध, काठावर बगळे. देवानंदनी चहासाठी गाडी थांबवली.

चहा पिता पिता ते समोर पाहत होते. म्हणाले, "गीता, हा डोंगर आपल्या घरी आहे."

"काय?"

"तुह्या टेबलापुढे. रोज पायतो नं मी. मधात खाच, मंग सपाट, मंग उतरला. हा तं तुहा सोन्याचा डोंगर हाये."

मी हसले. मग पाहिलं, आणि चहाचा कप हातात राहून गेला. बांधावर पाटी होती, 'दुष्काळी तलाव'. खाली मासेमारीला मनाई असल्याची सूचना.

गाडीत मी सारखी मागे वळून पाहत होते. उगीच त्रास करून घेऊ नको, एवढंच ते म्हणाले.

९ डिसेंबर

डोंगर सारखे असू शकतात. खाच काय, कुठल्याही डोंगराला असते.

१२ डिसेंबर

आज एकटीच गेले. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून रिक्षा ठरवली. सोबत मोठी प्रत गुंडाळून नेली होती. बांधावर उलगडली तर वारा सुटला. चार दगड ठेवून ती धरली आणि आधी समोर, मग खाली, असं पाहत राहिले. डोंगर तोच. डाव्या बाजूचा एकुलता गोल दगडही तोच. फक्त जिथे माणसं खणताना दिसतात तिथे आता पाणी आहे.

एकोणीसशे सालचा दुष्काळ शाळेत एका परिच्छेदात शिकले होते. पाऊस झाला नाही, सरकारने खोदकामं काढली, उपाशी माणसं हजारोंनी तिथे गेली, माती उचलली तरच खायला मिळे. तेवढंच आठवतं. परीक्षेत कधी आलं नाही.

घरी येऊन मुलांचा फोटो काढला. ती शाळा नाही. मी महिनाभर तिला शाळा म्हणत होते. लोकांना दाखवून सांगत होते, पाहा, किती सोय होती! त्यातल्या एका मुलाचे गुडघे मांडीपेक्षा जाड आहेत. हे मला दिसलं नव्हतं असं कसं म्हणू? दिसलं होतं. मी काटक म्हणाले होते.

आणि तो बसलेला माणूस. उभं राहता येत नव्हतं त्याला.

आशेने आलेली माणसं आणि भुकेने आलेली माणसं फोटोत सारखी दिसतात का? की मलाच फरक कळत नाही? मग माझे बाकीचे फोटो तरी काय आहेत? कोलारच्या त्या पहिल्या फोटोतल्या बाया तिथे स्वखुशीने आल्या होत्या हे मला कोणी सांगितलं?

१५ डिसेंबर

अमरावतीला खुशालरावांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भिंग आणून पाहिलं. माझं खरं असावं, असंही म्हणाले.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काही नाही. आपलं प्रदर्शन सोन्याच्या वस्त्यांचं आहे. दुष्काळ आपला विषय नाही. ते तिन्ही काढून घ्या. मधल्या भिंतीवर कोलारचा मोठा लावू."

"आणि चंद्रभानजी? पत्रिकेवर त्यांचा पणजोबा आहे. सारं घर येणार आहे."

"मूळ प्रती फार नाजूक आहेत, उजेडाने खराब होतील म्हणून लावल्या नाहीत, असं सांगा. ते खोटंही नाही." मग भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, त्या म्हाताऱ्या माणसाच्या घराला साऱ्या गावात एक नाव आहे. ते काढून घेऊन तुम्ही त्याला काय देणार?"

खुशालराव वाईट माणूस नाहीत. परत येताना गाडीत मला त्यांचंच पटत होतं. घरी येईपर्यंत पटेनासं झालं.

१६ डिसेंबर

देवानंदना विचारलं, तुम्ही असता तर सांगितलं असतं का?

"मले सोन्यातलं काही समजत नाई. फुलातलं विचार."

"मी गंमत नाही करत."

ते निशिगंधाच्या जुड्या बांधत होते. म्हणाले, "त्यानं तुले घरी बलावलं, जेवू घातलं, फोटो हातात देल्ला. काहून? तुले समजते म्हणून. आता तुले समजलं."

पण मला एक गोष्ट अजून समजत नाही. देवानंदना तिचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर बोलले नाहीत. पणजोबा सोन्याच्या खाणीवर नव्हते, ते दुष्काळातल्या कामावर होते, छडी घेऊन. मुकादम असतील. मुकादमाला मजुरी मिळते. परत आले ते सोनं घेऊन, असं काकाजी म्हणाले होते. दुष्काळात सोनं कुठून आलं?

२२ डिसेंबर

सांगितलं.

जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी त्याला वेगळंच काही करून टाकीन.

अंगणात खाटेवर बसलो होतो. काकूंनी संत्री सोलून ठेवली होती. मी तिन्ही मूळ फोटो खाटेवर ठेवले, मोठी प्रत उलगडली, तलावाचा मोबाइलवर काढलेला फोटो शेजारी धरला आणि बोलत गेले. काकाजी आधी हसले. "आमच्याकडचे डोंगर सारे असेच." मग चष्मा मागवला. मग एकदम चिडले.

"म्हंजे आमचा बुढा खोटं बोलला? चार पिढ्या खोटं बोलल्या?"

"काकाजी, मी तसं नाही म्हणत."

"मंग सोनं कोठून आलं? सोनं तं हाये नं आमच्या घरी! तुमाले दाखोलं नाही म्हून. आता पाहाच." आणि घरात पाहून ओरडले, "आन वं थे पिशवी!"

काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू द्या नं."

"आन म्हटलं नं."

काकूंनी देव्हाऱ्यामागून एक छोटी कापडी पिशवी आणली. काकाजींनी ती माझ्यापुढे खाटेवर रिकामी केली. "हे पाहा. जमीन घेऊन उरलेलं खदानीचं सोनं. लग्नकार्यात बी कधी मोडलं नाही आमी. दसऱ्याले पुजतो."

माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे. नाकातल्या चमक्या. एकही दुसरीसारखी नव्हती. एका कानातलं एकच डूल, जोड नसलेलं. लहान बाळाच्या कानातल्या बाळ्या. आणि मणी, पुष्कळ मणी, काही गोल, काही लांबट, झिजून चपटे झालेले, एकाच्या भोकात अजून काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

काकाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी कबूल करावं म्हणून. मग त्यांनी स्वतःच एक मणी उचलला, बोटात फिरवला. दुसरा उचलला. मला वाटतं इतक्या वर्षांत त्यांनी पूजा केली होती, पण ते पाहिले कधीच नव्हते.

"खदानीतून तं असे ढेकूळ निंघते," ते म्हणाले. "मणी कसे निंघतीन?"

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बायायच्या गळ्यातले हायेत ते. मले लग्न झालं त्याच वर्षी समजलं होतं. सासूबाईनं पिशवी हाती देली तवा."

"मंग बोलली काहून नाही?"

"कोनापाशी बोलू? तुमी तं सोनेवाले."

काकाजींनी छडीवाल्या पणजोबाकडे पाहिलं. फोटो खाटेवरच होता.

"यानं हिसकून घेतलं म्हनता का तुमी?" हे त्यांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही, काकाजी. मला खरंच माहीत नाही. विकत घेतलं असेल. कोणी आपणहून दिलं असेल."

"आपणहून?" काकू म्हणाल्या. "उपाशी बाई पयले काय काढून देते? लेकराच्या कानातलं. मंग नाकातलं. गळ्यातलं सगळ्यात शेवटी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दाणे त्याच्या हाती असतीन. नाहीतर कामावर नाव लिवणं त्याच्या हाती असन."

बगीच्यात मजूर झाडांखाली क्रेट सरकवत होते, त्यांचा आवाज येत होता. काकाजींनी तिकडे पाहिलं. मग एकदम लहान आवाजात म्हणाले,

"मंग ही जमीन कायनं झाली?"

ते कोणाला विचारत होते, मला कळलं नाही. मी उठले. फोटो परत द्यायला पुढे केले तर त्यांनी हातही लावला नाही. काकूंनी मला फाटकापर्यंत सोडलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्या पिशवीत संत्री घातली.

मोर्शीच्या स्टँडवर बस येईपर्यंत मी बाकावर बसून होते. मी काय केलं? एका माणसाचा पणजोबा नेला आणि त्याच्या जागी दुसराच आणून दिला.

२५ डिसेंबर

त्यांचा फोन नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही.

खुशालराव म्हणाले, "मी सांगितलं होतं." मग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, मी जेवते आहे ना नीट, हे विचारायला.

३ जानेवारी २०२५

काकाजींचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"थे फोटो लावणार हा का?"

"तुम्ही सांगाल तसं करू. नको म्हणाल तर आजच आणून देते."

"लावा."

"आणि खाली काय लिहू?"

"काही लिवू नका. मी येतो. मी सांगन."

काय सांगणार, हे विचारायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, तुमी बँकेत होत्या. एखाद्याचं सामान आपल्याजवळ राह्यलं आन् मालक कोन थे मालूम नाही, मंग तुमी काय करत होत्या?"

मी सांगितलं, वाट पाहायचो. बरीच वर्षं वाट पाहायचो, मग वर कळवायचो.

"आमी कोनाले कळवाव?"

त्यांनी फोन ठेवला.

१८ जानेवारी, अमरावती

आज उद्घाटन झालं. लिहायला बसले आहे, पण मला काय वाटतं हे विचारलं तर सांगता येणार नाही.

खुशालरावांनी माझं ऐकलं. मधल्या भिंतीवर कोलार लागलं आणि तिन्ही फोटो दाराजवळच्या वेगळ्या भिंतीवर, खाली चिठ्ठी नाही. "लोक विचारतील," ते म्हणाले. मी म्हटलं, विचारू द्या.

सारं घर घेऊन येतो म्हणणारे काकाजी काकूंबरोबर दोघंच आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा. कोलारच्या फोटोंकडे एकदा पाहिलं, कुठेच थांबले नाहीत. दाराजवळच्या भिंतीपाशी गेले आणि पाठीवर हात बांधून उभे राहिले. मी खुर्ची आणून दिली. तीवर ते बसले.

पहिली आली ती कॉलेजची मुलं. एकाने विचारलं, "हे पण सोन्याच्या खाणीतले का?"

"नाही," काकाजी म्हणाले. "हे आपल्याकडचे. दुष्काळातले. लोकं मरत होते तवा तलाव खोदून घेतला त्यायच्याकडून." मग उठून छडीवाल्या माणसावर बोट ठेवलं. "हा जाडा दिसते नं? सारे वाळलेले आन् हा एकटाच जाडा? हा आमचा पणजा."

एक मुलगा मोबाइल काढत होता, त्याने तो परत खिशात ठेवला.

मग दिवसभर तेच. येईल त्याला, न विचारता. प्रत्येक वेळी तेच शब्द, तेच बोट. एकदोघांनी हसून विचारलं, काकाजी, असं कोणी सांगते का आपल्या घरचं? ते पुढच्या माणसाकडे वळत. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मधून मधून पाणी देत. मला दोनदा रडू आलं आणि दोन्ही वेळा कशाचं ते समजलं नाही. त्यांना शिक्षा होत होती की सुटका? मीच हे घडवलं का? बरं केलं का?

मुंबईचे संग्राहक आले. फार सभ्य गृहस्थ. तिन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, दुष्काळाचे म्हणून तर हे आणखीच दुर्मिळ. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकाजींकडे. संग्राहक त्यांच्यापाशी जाऊन वाकून बोलले. काकाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"विकाचे नाहीत," ते म्हणाले. "आमच्या घरानं या लोकायपासून घेतलं तेवढं पुष्कळ झालं."

संग्राहकांनी हात जोडले आणि निघून गेले. खुशालराव त्यांच्यामागे दारापर्यंत गेले, तिथेच थांबले, परत आले. त्यांनी काकाजींसाठी चहा सांगितला.

बंद करायची वेळ होत आली तेव्हा एक बाई आली. माझ्याच वयाची, कदाचित लहान. हातात भाजीची पिशवी, आत कोथिंबीर, मुळे. बाजारातून घरी जाताना गर्दी पाहून आत आली असावी. कोलारकडे ती गेलीच नाही. मुलांच्या रांगेच्या फोटोपुढे उभी राहिली, फार वेळ. काकाजींनी आपलं सांगून टाकलं, दुष्काळ, तलाव, हा जाडा, हा आमचा पणजा. तिने मान हलवली, जसं काही तिला ते आधीच ठाऊक होतं.

"आमची आजी सांगे," ती म्हणाली. "तिच्या सासूले लहानपणी तलावावर आणलं होतं. चौघं भावंडं गेले, ती एकटी परत आली." तिने फोटोच्या काचेपाशी बोट नेलं, लावलं नाही. "यातलीच असन एखादी."

काकाजी उठून उभे राहिले. "कोनती?"

बाईने पहिल्यापासून शेवटपर्यंत रांग पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"मले काय मालूम, काकाजी. कोनतीबी असन."

काकाजींनी खांद्यावरच्या शेल्याने आपली खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली. ती नको नको म्हणत शेवटी बसली, पिशवी मांडीवर घेऊन, फोटोकडे तोंड करून. शिपाई दिवे मालवायला आला तरी ती बसली होती, आणि काकाजी तिच्यामागे उभे होते.